दुसऱ्यांदा वाचेल त्याचं

अक्का,

तुमचं कपाट रिकामं आहे. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि तुम्हाला उद्देशून लिहायला बसले तर पहिलं वाक्य हेच सुचतं. रडून झालं आहे. त्याबद्दल लिहिणार नाही. रडकं लिखाण तुम्हाला आवडायचं नाही आणि मला जमत नाही. तुमच्या दाराला हेमंतदादाने कुलूप लावलं, मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षाची वाट बघत उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मला चक्क हलकं वाटतंय. माणूस गेल्यावर असं वाटणं बरोबर का, हे विचारायला तुम्हीच हव्या होता. म्हणून तुम्हालाच सांगते.

मी तुमच्याकडे वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले तेव्हा तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या होता. मुलगा म्हणजे हेमंतदादा नाशिकला, तुम्ही धुळ्यात एकट्या. मी जळगावहून कॉलेजसाठी आलेली. माझी ट्रंक वर चढवताना तुम्ही ती उघडायला लावलीत. आत कपडे थोडे आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. तुम्ही विचारलंत, शिकायला आलीस ना, मग पुस्तकं कुठे? मी सांगितलं, आमच्या घरी पुस्तकं ठेवत नाहीत.

खरंच नव्हती. बाबा तेल गिरणीत कामाला, आणि कामावरून सुटले की युनियनचे. आमच्या घरात बसायला जागा नसायची इतके कागद यायचे, पण एकही कागद मुक्कामाला नसायचा. सकाळी गठ्ठा आला की संध्याकाळपर्यंत वाटून संपवायचा. मी अक्षरं शिकले ती त्याच कागदांवर. इतर मुलांचा अ अननसाचा होता, माझा अन्यायाचा. बाबांचा नियम होता की पत्रक खिशात ठेवायचं नाही, वाचायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. आणि दुसरा नियम असा की जे पत्रक दुसऱ्यांदा वाचावं लागतं ते फसलं. एका वाचनात माणूस उठून उभा राहिला पाहिजे.

हे मी तुम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. तुम्ही शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणालात, "आणि जे पुस्तक दुसऱ्यांदा वाचावंसं वाटत नाही ते फसलं. तुझ्या बाबांना सांग."

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुमच्या पुढच्या खोलीत ते लाकडी कपाट होतं, आणि त्याचा कायदा सगळ्या गल्लीला माहीत होता. पुस्तक उंबऱ्याबाहेर जाणार नाही. ज्याला वाचायचं त्याने यावं, ओट्यावर नाहीतर आतल्या सतरंजीवर बसावं आणि वाचावं. चहा मिळेल, पाणी मिळेल, पुस्तक घरी मिळणार नाही. समोरच्या कापड दुकानातले शेठजी दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन बसायचे. शिवणक्लासच्या मुली यायच्या. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर यायचे, ते वाचताना ओठ हलवायचे आणि तुम्ही त्यांना कधी टोकलं नाही.

प्रत्येकाचा दोरा वेगळा. शेठजींच्या दुकानातल्या रिळांमधून ज्याने त्याने आपला रंग निवडलेला. शेठजींचा पिवळा, तुमचा पांढरा, मी अर्थातच लाल मागितला. वाचता वाचता उठायचं झालं की आपला दोरा पानात ठेवायचा. एकेका पुस्तकात तीन-चार रंग लोंबत असायचे, आणि कोणी दुसऱ्याच्या दोऱ्याला हात लावायचा नाही. पुस्तक संपलं की दोरा काढून घ्यायचा. पण कोणी तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तर त्याच्या दोऱ्याला गाठ मारून तो त्या पुस्तकात कायमचा राहू द्यायचा. तिसऱ्या वाचनाला आणखी एक गाठ. तुमच्या पांढऱ्या दोऱ्यांना इतक्या गाठी होत्या की ते दोरे कसले, जपमाळा वाटायच्या.

मला हे सगळं सरंजामशाही वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. गावात माणसं पुस्तकाला महाग असताना एक बाई कपाटाला किल्ली लावून बसते आणि लोकांनी तिच्या ओट्यावर येऊन वाचावं म्हणते, हे मला पटणं शक्यच नव्हतं. मी तुम्हाला तसं तोंडावर म्हटलं. तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून मी मला येत होतं ते केलं. पत्रक काढलं. 'पुस्तकांवरची मालकी रद्द करा' असा मथळा, खाली मागण्या, आणि सगळ्यात वर बाबांच्या जुन्या पत्रकांवर असायची ती ओळ, 'कसेल त्याची जमीन'. गल्लीत घरोघरी वाटलं. एक तुमच्या दारावर चिकटवलं. घरमालकिणीच्या दारावर तिच्याचविरुद्ध पत्रक लावणारी भाडेकरू धुळ्यात माझ्याआधी झाली नसेल.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर गर्दी. तुम्ही ते पत्रक हातात घेऊन सगळ्यांना वाचून दाखवत होता, चांगल्या खणखणीत आवाजात, एक्स्चेंजमध्ये कमावलेल्या. शेवटपर्यंत वाचलंत आणि मला हाक मारलीत. "पत्रकवाली, आठे ये." रागावलात किंवा लाडात आलात की तुमच्या तोंडी माहेरची, भडगावची अहिराणी यायची, आणि त्या दिवशी दोन्हींपैकी काय होतं ते मला कळेना. म्हणालात, "पहिली ओळ मला मान्य शे. कसेल त्याची जमीन. मग दुसऱ्यांदा वाचेल त्याचं पुस्तक. एकदा वाचणारा पाहुणा. पाहुण्याला जेवू घालू, सातबारा त्याच्या नावावर कशाला करू?"

शेठजी इतके हसले की त्यांचा चष्मा पडला.

मी म्हणाले, मालकी वाचून येत नाही. तुम्ही म्हणालात, मग कशाने येते? माझ्याकडे उत्तर होतं, भलंमोठं, पण तुम्ही तेवढ्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला उठलात. त्या दिवसापासून तुम्ही मला 'माझं कूळ' म्हणायला लागलात. कोणी विचारलं, ही कोण, तर सांगायचात, वरच्या खोलीतलं कूळ आहे, कायद्याने काढता येत नाही.

बाबा एकदा मला भेटायला आले होते, आठवतं? बसस्टँडवर जायच्या आधी त्यांनी कपाटातलं एक पुस्तक चाळायला घेतलं आणि सहज म्हणाले, अक्का, हे बसमध्ये वाचतो, पोरीबरोबर परत पाठवतो. तुम्ही म्हणालात, भाऊ, बसून वाचा. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग ते बसले. पारोळ्याची गाडी गेली, जळगावची गेली, ते ओट्यावर मांडी घालून वाचत होते. संध्याकाळी उठले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले की बाई प्रतिगामी आहे, पण पुस्तक चांगलं ठेवलंय. पुढे कितीतरी दिवस ते फोनवर विचारायचे, माझा दोरा आहे ना तिथं?

तुम्ही पुस्तकं बाहेर का जाऊ देत नाही हे तुम्ही मला सांगितलंत ते फार उशिरा, आणि तेही मी विचारलं नव्हतं. आपण पापड वाळत घालत होतो. लग्नाच्या आधी भडगावला असताना तुम्ही वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली होती. नदीवर होडी चालवणाऱ्या बाईची. तुम्ही ती शेवटाकडे आणली होती, आणि घरात हळदीची तयारी चाललेली. तुमच्या थोरल्या भावाने ती उचलली आणि परत करून टाकली. लग्नघरात दुसऱ्याची वस्तू राहायला नको, म्हणून. त्याचं काही चुकलं असं तुम्ही म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात की सासरी नांदायला लागल्यावरही भाकरी करताना मनात यायचं, त्या बाईने होडी विकली की नाही? विचारायचं कोणाला? नोकरी लागल्यावर तुम्ही पहिली खरेदी केली ती ती कादंबरी. धुळ्यात मिळेना म्हणून जळगावहून मागवली.

"उसन्या पुस्तकाचं एक असतं," तुम्ही म्हणालात. "कोणीही येऊन म्हणू शकतं, झालं, आता दे."

त्यावर मी म्हणाले, यावर उपाय विकत घेणं नाही, वाचनालयाचे नियम बदलणं आहे. तुम्ही हातातला ओला पापड माझ्या तोंडात कोंबलात.

ती कादंबरी मी तुमच्या घरात वाचली. एकदा. आवडली, हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण लगेच तुम्ही म्हणाला असता, मग पुन्हा वाच. माझा लाल दोरा मी काढून घेतला. त्या कपाटातल्या एकाही पुस्तकात माझी गाठ नव्हती. ती माझी भूमिका होती. जगात इतकं वाचायचं आणि लिहायचं पडलेलं असताना वाचलेलंच पुन्हा वाचणं म्हणजे पोट भरल्यावर ताट चाटणं, असं मी तुम्हाला ऐकवलंही होतं.

शिक्षण संपवून मी जळगावला परतले. तुमची नजर अधू होत गेली. ओट्यावर माणसं येत राहिली, आता तुम्ही वाचणाऱ्यांच्या शेजारी बसून ऐकायचा. मी येऊन-जाऊन असायचे. आणि गेल्या हिवाळ्यात, भरिताच्या दिवसांत, मी जळगावची वांगी घेऊन आले होते, तेव्हा तुम्ही ते म्हणालात.

"माझ्यामागं कपाट तू घेऊन जा."

मी वांग्याचे देठ तपासत होते. म्हणाले, "मला इस्टेट नको, अक्का."

"इस्टेट? चार फळ्या शेतस."

"फळ्या असोत नाहीतर एकर असोत. मी जन्मभर ज्याच्याविरुद्ध लिहिते ते माझ्या घरात उभं करू? लोक काय म्हणतील ते सोडा, मी मलाच काय सांगू?"

तुमच्याशी भांडताना मी कधी शेवटचं वाक्य बोलले नव्हते, आणि त्या दिवशी बोलून गेले. तुम्ही भिंत चाचपत उठलात, वांगी कोणत्या शेतातली विचारलंत, चुलीवर भाजायची की गॅसवर ते विचारलंत. भरीत चांगलं झालं होतं. मी एसटी पकडली.

त्यानंतर आपण फोनवर गुडघ्यांबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो. कपाटाचं नाव तुम्ही काढलं नाहीत, मीही नाही. नाही म्हणाले यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण बरोबर असूनही माणसाला झोप लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. तुमच्याकडे द्यायला ते एकच होतं, आणि घ्यायला तुम्ही मला निवडलं होतं. पोटच्या मुलाला नाही. तुम्ही दुखावल्या असाल तर मला सांगणार नव्हता. आणि पुस्तकं? हेमंतदादा चांगला माणूस आहे, पण घर रिकामं करायला निघालेल्या चांगल्या माणसालाही रद्दीवाला दारात आलेला दिसतोच.

मग हेमंतदादाचा फोन आला. तुम्ही दुपारी आडव्या झालात त्या उठल्याच नाहीत, हे त्याने सांगितलं. कामाचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "अगं, आईचं कपाट रिकामं आहे. पुस्तकं तू नेलीस का?"

मी नाही म्हणाले, आणि मिळाली ती एसटी धरली.

धुळ्यापर्यंतचा तो प्रवास मी विसरणार नाही. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, बाहेर नुसती नांगरलेली काळी शेतं. मी मनात एकच चित्र बघत होते, की मी नाही म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही रद्दीवाल्याला हाक मारलीत. रागाने नाही. रागाने केलं असतं तर मला चाललं असतं. कोणाला नको आहे तर कशाला, असं म्हणून.

कपाट खरंच रिकामं होतं. फळ्यांवर तुम्ही कागद अंथरले होते, आणि ते कागद म्हणजे मी सोडून गेलेली पत्रकं होती. 'मालकी रद्द करा' हा मथळा वर करून, चारही फळ्यांवर, व्यवस्थित. मला त्याचा अर्थ लागेना. तो टोमणा आहे का निरोप, हे कळेपर्यंत मी तिथं उभी राहिले असते, पण समोरून शेठजींनी हाक मारली.

शेठजींनी मला गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि सांगायला सुरुवात केली. मी कपाटाला नाही म्हणून गेले त्या दिवशी तुम्ही ओट्यावर येऊन बसलात आणि एकट्याच हसायला लागलात. शेठजींना वाटलं डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं. ते रस्ता ओलांडून आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "ऐकलं का शेठ, कुळाला जमीन देऊ केली तर कूळ घेत नाही. असं कूळ बघितलंय कुठं?" आणि पुन्हा हसलात. इतका आनंद झालेला त्यांनी तुम्हाला फार दिवसांनी बघितला होता, असं ते म्हणाले.

"रागावल्या नव्हत्या?" मी विचारलं.

"रागावल्या? अरे बेटा, त्या दिवसापासून जो येईल त्याला सांगायच्या. माझी पोरगी विकली जात नाही, म्हणायच्या."

मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

मग तुम्ही वाटप केलंत. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना गाठी लागत होत्या. एकेक पुस्तक हातात घेऊन दोरे चाचपायचात आणि शेजारी बसलेल्याला रंग विचारायचात. ज्याची गाठ, त्याला निरोप जायचा. दोघांच्या गाठी असतील तर जास्त गाठींवाल्याला. कंडक्टर गेले त्यांची दोन पुस्तकं घेऊन. शिवणक्लासातली एक मुलगी लग्न होऊन धरणगावला गेली आहे, तिचं पुस्तक तिच्या भावाबरोबर पाठवलंत. बाबांनाही एक पार्सल आलं होतं, ते त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं. मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, तुझ्या तत्त्वांचा प्रश्न होता. मी विचारलं, आणि तुमच्या? ते म्हणाले, मी फक्त सांभाळतोय. बाबांनी ते पुस्तक दुसऱ्यांदा कधी वाचलं हे मला विचारावं लागलं. मला भेटायला म्हणून येऊन माझ्या कॉलेजच्या वेळात ते तुमच्या ओट्यावर बसायचे, हे तुम्ही दोघांनी मला एकदाही सांगितलं नाहीत.

ज्या पुस्तकांना कोणाचीच गाठ नव्हती, ती तुम्ही सार्वजनिक वाचनालयाला दिलीत. देताना म्हणालात म्हणे, की ही विकत घ्यायलाच नको होती, आणून वाचून परत करायची होती, कूळ म्हणत होतं त्यात तेवढं खरं आहे. शेठजींनी हे वाक्य सांगितलं तेव्हा मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. इतक्या वर्षांत तुम्ही माझं एकच म्हणणं मान्य केलंत, आणि तेही मी नसताना.

होडीवाल्या बाईची कादंबरी शेवटी राहिली. तिच्यात पांढरा दोरा होता तुमचा आणि पिवळा शेठजींचा. ती तुम्ही त्यांना देऊन टाकलीत, पण देण्याआधी म्हणालात, शेवटचं प्रकरण वाचून दाखवा. शेठजींनी दुकानात नोकराला बसवलं आणि सगळं प्रकरण वाचलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मध्ये एकदा त्यांचं वाक्य सुटलं, तर तुम्ही ते तोंडपाठ म्हणून दाखवलंत. संपल्यावर म्हणालात, "झालं. आता न्या."

जवळजवळ तेच शब्द, अक्का. भडगावला दुसऱ्या कोणी म्हटलेले. या वेळी ते तुम्ही म्हणालात, आणि शेवट ऐकून झाल्यावर. हे ऐकलं आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. जाताना तुम्ही दुखावलेल्या नव्हता. पुस्तकं रद्दीत गेली नाहीत. मी मालक झाले नाही. आणि तुमच्या हातून कोणी काही मध्येच काढून घेतलं नाही. यातली एकही गोष्ट मी केलेली नाही, सगळ्या तुम्ही करून ठेवल्या होत्या. उपकार या शब्दाला मी पत्रकांतून फार झोडपलं आहे. दुसरा शब्द मिळेपर्यंत तो वापरते.

निघताना मी शेठजींना विचारलं, ती कादंबरी मला वाचायला मिळेल का? मीच पुढे म्हणाले, इथे बसून वाचते. त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली. "ओटा त्यांचा होता, त्यांचा कायदा त्यांच्याबरोबर. मी कापडवाला, माझा माल दुकानाबाहेर जाण्यासाठीच असतो. ने. पण आणून दे."

तर ती माझ्याबरोबर एसटीने जळगावला आली. तुमच्या कपाटातलं पुस्तक उसनं म्हणून पहिल्यांदाच कोणाच्या घरी गेलं, एवढी नोंद घ्या, तेवढा विजय माझा. मी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वाचलेलंच पुन्हा वाचण्याची माझी ही पहिली वेळ. पहिल्या वाचनात मी त्या बाईवर चिडले होते, ती घाटाच्या मालकाशी नीट भांडत नाही म्हणून. या वेळी दिसलं की ती पहिल्या पानापासून भांडतेच आहे, फक्त ओरडत नाही. हे तुम्हाला सांगायला फोन उचलला होता. नंबर लावण्याआधी आठवलं.

आता शेवटचं प्रकरण उरलं आहे. तिने होडी विकली की नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. पण ते प्रकरण वाचलं तर दुसरं वाचन पूर्ण होईल, दोऱ्याला गाठ मारावी लागेल, आणि तुमच्या कायद्याने पुस्तकावर माझा हक्क सुरू होईल. तो मला मान्य नाही. मालकी वाचून येत नाही, हे मी त्या दिवशी म्हणाले होते आणि तुम्ही भाकरी थापायला निघून गेलात.

काल शेठजींचा फोन होता. झालं का वाचून, विचारत होते. मी सांगितलं, नाही अजून. लाल दोरा शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडे ठेवला आहे, आणि त्याला गाठ नाही.

तुमचं कूळ